खाडीपलीकडची वाट

दापोलीहून मोटारसायकलने गुहागरला जायचे, तर वाट आदल्या रात्री घरीच आखावी. संगणकावरच्या नकाशाला नुसती दोन गावे सांगितली की तो आपल्या हिशेबाने चालतो. त्यात ‘फेरीबोट टाळा’ ही खूण राहून गेलेली असली, तर दाभोळला वाशिष्ठीच्या खाडीवर न नेता तो चिपळूणचा भला मोठा वळसा घालायला लावतो! बिचाऱ्याला काय ठाऊक, ही मंडळी समुद्र पाहायला निघाली आहेत?

म्हणून दाभोळ आणि पलीकडचे धोपावे या मधल्या खुणा मी स्वतः रोवतो आणि ती आखणी हँडलवरच्या यंत्रात उतरवून घेतो. नकाशा आधीच भरून ठेवलेला असला, की फोनची रेंज गेली तरी अडत नाही. आपला ठावठिकाणा उपग्रहांवरून कळतो. शेवटच्या बोटीची वेळ मात्र दापोली सोडण्यापूर्वी माणसांनाच विचारावी. ती चुकली, की काळोखात तोच वळसा पदरी येतो, आणि मागे बसलेले माणूस एकाएकी बोलेनासे होते. ते मौन पेट्रोलपेक्षा महाग पडते.

बोट मिळाली, तर इंजिन बंद करून कठड्याशी उभे राहावे. यंत्राच्या पडद्यावरचा बाण निळ्या पाण्यातून सरकू लागतो आणि धोपाव्याचा धक्का जवळ येतो.