हक्कसोड

1985 साली रंगभूमीवर आलेले महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' वर्गात शिकवताना मी प्रभापाशी नेहमीच थोडा रेंगाळत असे. शिकायचे राहून गेलेली, लग्न न झालेली, घरातच जिरून गेलेली ही मुलगी. सरंजामी व्यवस्थेचा ऱ्हास वगैरे सांगून झाले की मी म्हणे, 'या वाड्याची खरी पडझड प्रभाच्या आयुष्यात झाली आहे.' विद्यार्थी ते वाक्य उतरवून घेत. गेल्या वर्षी मात्र ते माझ्या तोंडून निघेना. त्याच सुमारास मी आत्याला घर सोडण्याची नोटीस दिली होती.

वाईचे आमचे घर आजोबांनी स्वकमाईतून बांधलेले. ऐन विशीत विधवा होऊन परतलेली आत्या चाळीस वर्षे तिथेच राहिली. आजी-आजोबांचे सारे तिनेच केले. मला बाराखडी तिनेच गिरवायला लावली. आजोबा 1989 साली मृत्युपत्र न करता गेले. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगी म्हणून तिचा वाटा होताच. त्या कायद्याचे कलम 23 मात्र विलक्षण होते. भाऊ आपापले हिस्से वेगळे करीत नाहीत तोवर बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. विधवा मुलीला तिथे राहण्याचा हक्क तेवढा असे. हे कलम 2005 साली रद्द झाले. आत्याला त्याचा उपयोग नव्हता. माझ्या वडिलांच्या शब्दाखातर तिने 1990 सालीच हक्कसोडपत्रावर सही केली होती. 'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' असे त्यात लिहिले आहे.

वडील गेले आणि घर आम्हा भावंडांच्या नावावर आले. धाकट्याला पैशांची निकड होती, बहिणीला व्यवहार एकदाचा मिटवायचा होता आणि मला कोणाशी वाईटपणा घ्यायचा नव्हता. वकिलांच्या इंग्रजी मसुद्याचे मराठी मीच केले. 'आपले सदर मिळकतीतील वास्तव्य केवळ परवानगीने असून ती परवानगी या नोटिशीद्वारे रद्द करण्यात येत आहे.' वाक्य निर्दोष होते. 'करण्यात येत आहे' या रचनेची सोय अशी, की करणारा कुठे दिसत नाही.

आत्याने नोटीस वाचली, घडी घातली आणि विचारले, "हे तू लिहिलंस ना रे? वकिलाचं मराठी असं नसतं." मी हो म्हणालो. ती भांडली नाही, कोर्टात गेली नाही. महिन्याभरात एका मैत्रिणीच्या परसातल्या खोलीत राहायला गेली. भाडे मी देऊ केले. तिने घेतले नाही.

यंदा वर्गात एका मुलीने विचारले, "सर, कायद्याने प्रभाचा वाटा नव्हता का?" मी कलम 23 समजावून सांगितले. उत्तर चूक नव्हते, अपुरे होते. वाटा मागितला तर माणसे दुरावतात, सोडला तर घर जाते. आत्याने माणसांसाठी वाटा सोडला आणि तिचे दोन्ही गेले. हे मला सांगता आले असते. पण त्यासाठी कर्त्यासकट वाक्य करावे लागले असते.