काट्यापाशी

जेवणाआधी आमच्या घरी प्रभूची प्रार्थना होते. रोजच्या भाकरीच्या मागण्यापाशी आलं की माझा आवाज हळू होतो. मागतो आहोत ती भाकरी दुसऱ्या कुणाच्या ताटातली तर नाही ना? हा प्रश्न माझ्या मागे लावून दिला तो कुमारप्पांनी.

आमचं बोरगाव मेघे वर्ध्याला खेटून आहे आणि वर्ध्यात मगनवाडी आहे. १९३४ साली तिथे गांधीजींचा अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. तंजावरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेला, लंडनला हिशेब तपासायला शिकलेला, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र अभ्यासलेला हा माणूस वर्ध्याच्या उन्हात तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि हातसडीचा तांदूळ यांत रमला. रॉकेलऐवजी बियांच्या तेलावर जळणारा मगनदीप इथलाच. त्यांची श्रद्धा दिव्यात कोणतं तेल घालायचं इथवर पोचलेली होती. मला तिचं हेच फार आवडतं.

त्याच वर्षी बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. खुद्द गांधीजी आले, तरी त्यांच्या मंडळींचा जादा खर्च निधीतून द्यायला त्यांनी नकार दिला. पैसा घरं पडलेल्यांचा होता. कितीतरी प्रवचनांहून मला हा नकार मोठा वाटतो, कारण ज्याच्यावर जीव आहे त्याला नाही म्हणणं फार जड जातं.

पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी एक पुस्तक येशूच्या आचरणावर लिहिलं आणि दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दुसऱ्यात शिकारीवर जगणारी जनावरं आहेत, पोळ्यासाठी राबणारी मधमाशी आहे आणि पिलांसाठी झिजणारी आईही आहे. मला ही दोन पुस्तकं कधी वेगळी वाटलीच नाहीत.

आमच्या वावरात कापसाचा पहिला वेचा निघतो त्या दिवशी बाया सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य होतो. मी चपला काढून बाजूला उभी राहते आणि मनात एखादं स्तोत्र म्हणते. त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही, मलाही नाही. मग पांढऱ्या वावरात ओट्या बांधलेल्या पाठी वाकतात त्या थेट उन्हं कलेपर्यंत.

खरी उपासना संध्याकाळी काट्यापाशी असते. वेचणीचा हिशेब किलोवर. गाठोडं काट्याला लागतं, आकडा हलतो आणि दिवसभर बोंडांनी ओरखडलेली बोटं तो थांबायची वाट बघतात. कापूस दवानं ओला आहे असं म्हणून वजनातून थोडं कापून घेणं कितीतरी सोपं! कुणी भांडतही नाही. पण याकोबाच्या पत्रात सांगितलंय की शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते देवाला ऐकू जातं. आमच्या कापूसपट्ट्यात बसून हे वाचणं सोपं नाही.

यंदा भाव पडला, तेव्हा आजूबाजूच्या वावरांतून निरोप आला की वेचणीचा दर आपण सगळेच उतरवू. निरोप पाठवणारे काही वाईट लोक नव्हेत, कर्जानं तेही पिचलेले आहेत. मी मात्र कुमारप्पांच्या रीतीनं वही मांडून पाहिली. पीक माझं, चढ्या भावाचा नफा माझा, म्हणजे पडत्या भावाची तूटही माझ्याच खात्यावर चढते. दर तोच ठेवला. त्या संध्याकाळी पैसे मोजून दिले आणि उद्या किती जणी येणार ते विचारलं.