भिंतीच्या कडेला काय लावावं?

रोप विकत घेताना आपण पानं बघतो, फुलं बघतो, फार तर भावात घासाघीस करतो. मुळांची चौकशी कोण करतं? अन् भिंतीलगत लावायचं झाड तर मुळांवरूनच निवडायला हवं.

आमचं नाशिकचं घर सासऱ्यांनी फंडाच्या पैशातून बांधलेलं. जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी नि पावसात फुगणारी. कुंपणाची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. मागच्या अंगणात समोरच्या गच्चीवरून सगळं दिसतं, म्हणून सासूबाईंना हिरवा आडोसा हवा होता.

नर्सरीवाल्यानं लगेच फायकस काढून दाखवला. चकचकीत पानं, वाढही झटपट. पण फायकस झाला तरी वड-पिंपळाच्याच कुळातला! देवळाच्या शिखरावर उगवलेला पिंपळ तुम्ही पाहिला असेलच. आमच्याच गल्लीत या फायकसपायी दोन घरांचं बोलणं बंद आहे. झाडं एकाची, चेंबर दुसऱ्याचं. तुंबलं म्हणून उघडलं, तर आत जटेसारखा मुळांचा झुबका. खर्च कोणी करायचा यावरून हळदीकुंकवाचं जाणं-येणंही थांबलं. वीस वर्षांचा शेजार मला झुडपापायी घालवायचा नव्हता.

तसं म्हटलं तर मुळं सहसा धडधाकट भिंत फोडत नाहीत. ती ओलीच्या मागे जातात. गळका सांधा, जुनी भेग मिळाली की आत शिरतात आणि तिथं जाड होतात. म्हणून आम्ही आधी चेंबरचे सांधे बुजवून घेतले, रोपांचं मग. काळ्या जमिनीत आणखी एक भानगड असते. मोठं झाड पायाजवळची ओल शोषतं, माती आकसते, आणि मूळ न लागताही भिंतीला तडा जातो. तेव्हा झाड लहानच राहणारं हवं, किंवा कात्रीनं लहान ठेवता येणारं.

कोयनेल स्वस्त आणि चिवट, पण तिच्या फांद्या जमिनीला टेकतील तिथं मुळं धरतात. सासूबाईंचा जीव कढीपत्त्यावर. त्याला मुळांतून फुटवे येतात, हातभर लांबसुद्धा. ते उपटत कोण बसणार?

शेवटी कुंती ठरली. पांढरी सुवासिक फुलं, छाटणी सोसणारी, मुळं फायकसच्या मानानं गरीब. मात्र ती लिंबाच्या कुळातली, लिंबावरची कीड तिच्यावरही येते. आमचं लिंबाचं झाड पुढच्या दारी, म्हणून चाललं. भिंतीपासून अडीच फूट सोडून, दोन-दोन फुटांवर रोपं लावली. पाणी घालायचं ते भिंतीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे मुळांनाही तिकडचीच ओढ लागते. मोकाट सोडली तर कुंतीचंही लहानसं झाड होतं, हे विसरू नये.

कुंतीचा एकच दोष, तिला घाई नाही. पहिली दोन वर्षं तारेवर दोडक्याचे वेल चढवून आडोसा भागवला. "दोडकेच बरे होते," असं हे अजून म्हणतात! यंदा तिसऱ्या पावसात कुंती खांद्याला लागली आहे. पलीकडे झुकलेल्या फांद्या शेजारीणबाईंनी छाटायच्या, असं आमचं आधीच ठरलंय. त्या मात्र म्हणतात, फुलं सरल्याशिवाय कात्री लावणार नाही.