मोजकं घेणारी

चार जीबीची लॉग फाइल समोर टाका, नोडमधली स्ट्रीम बिचकत नाही. ती एका वेळी ६४ किलोबाइट उचलते, पुढे देते, मगच पुढच्या घासाला हात लावते. फाइल केवढी आहे हे विचारायची तिला गरजच पडत नाही. रीडफाइलचा स्वभाव उलटा. आधी सगळी फाइल मेमरीत ओढायची, तोवर कोणाला काही द्यायचं नाही. शंभर जणांनी एकदम मोठ्या फाइली मागितल्या, की सर्व्हर धापा टाकू लागतो.

स्ट्रीमचं घराणं जुनं आहे. प्रोग्रॅम एकमेकांना जोडण्याची कल्पना डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये मांडली. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये पाइप आणले. रायन डाल यांनी २००९ मध्ये जगासमोर आणलेल्या नोडमध्ये तीच चाल पुढे चालू राहिली.

स्ट्रीमचा खरा गुण दिसतो तो पुढचा मंद असतो तेव्हा. डिस्क झरझर वाचत असते आणि फाइल उतरवून घेणाऱ्याचा मोबाइल मात्र तुटपुंज्या रेंजवर रखडलेला असतो. अशा वेळी लिहिणारी स्ट्रीम राइटला उत्तर देते, फॉल्स. नवख्यांना तो नकार वाटतो. पण दिलेला माल तिने घेतलेलाच असतो! स्लॅब पडताना वरचा गडी हातातलं घमेलं घेतो आणि खालच्याला ‘जरा थांब’ म्हणतो, तसं हे. जागा झाली की ड्रेनची हाक येते. याला बॅकप्रेशर म्हणतात, आणि माझ्या मते अख्ख्या नोडमध्ये याहून शहाणी गोष्ट नाही. मात्र हाकेची वाट न बघता कोणी लिहीतच राहिलं, तर ती अडवत नाही; मेमरी भरेपर्यंत मुकाट्याने साठवत जाते. इतकी भिडस्त.

हे थांबणं-चालणं नोडमधला पाइप आपोआप सांभाळतो, पण साखळीतली एक कडी तुटली तर बाकीच्या बंद करत नाही. नोड १० पासून मिळालेली पाइपलाइन त्या सगळ्यांना आवरते. तीच वापरा.

मराठी मजकुराच्या बाबतीत स्ट्रीमला एक गोष्ट आधी सांगावी लागते. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि ६४ किलोबाइटांची कड त्या तिघांच्या मधोमधही पडते. दोन्ही तुकडे वेगवेगळे वाचले, की अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. सेटएन्कोडिंगने युटीएफ-८ कळवलं असेल, तर अपुरे बाइट ती स्वतःजवळ ठेवते आणि पुढच्या तुकड्यातून अक्षर पुरं झाल्यावरच हातात देते.