करी रोडच्या खोलीतला निळा पट्टा

आपल्या वर्गाच्या भिंतीला खाली तपकिरी तेलरंग आहे व वर पांढरा रंग आहे. दोन्हींच्या मधे बोटभर काळी पट्टी आहे. ती कोणी आणि कशी मारली असेल, याचा विचार आपण कधी करत नाही. मीपण करत नव्हते. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी आबांबरोबर मुंबईला करी रोडला गेले. तिथे काकांच्या खोलीला रंग काढायचा होता. त्या भिंतीवर आम्ही जो पट्टा मारला, त्याची ही हकिकत आहे.

करी रोड हे मध्य रेल्वेचे स्टेशन आहे. ते चिंचपोकळी आणि परळ यांच्या मधे येते. तिथे जलद गाडी थांबत नाही. स्टेशनात लष्कराच्या जवानांनी बांधलेला एक पूल आहे. तो २०१८ साली सुरू झाला. आबांना तो इतका आवडला की आम्ही काम नसताना त्यावरून दोनदा गेलो व आलो. पूर्वी त्या भागात जिकडे तिकडे कापडाच्या गिरण्या होत्या. आबा १९७४ साली गावाहून गेले आणि एका गिरणीत साचेखात्यात लागले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. मग १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आबा गावी आले ते परत गेलेच नाहीत. त्यांचे धाकटे भाऊ मात्र तिथेच राहिले. आता ते हयात नाहीत. खोलीत काका, काकू, ताई आणि मुंबईची आजी राहतात. गिरण्यांच्या जागी आता उंच उंच इमारती झाल्या आहेत. गॅलरीतून त्यांचा वरचा मजला बघताना मान दुखते.

काकांची खोली जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आहे. दहा बाय बाराची. वर माळा आणि कोपऱ्यात मोरी. जमीन लाकडी तुळयांवर आहे. कोणी जोरात चालले की भांडी वाजतात. मला पहिल्या दिवशी भूकंप वाटला.

ताईला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून रंगाचे काम निघाले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “चाळ पाडून टॉवर होणार आहे, कशाला भिंतीला पैसे लावता?” काका म्हणाले, “हे मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय.” मुंबईची आजी काहीच बोलली नाही. तिने फक्त सांगितले की भिंतीला पूर्वीसारखा काठ पाहिजे. काठ म्हणजे लुगड्याला असतो तसा. खाली चार बोटे रुंद निळा पट्टा आणि त्याच्यावर एक बारीक पट्टी.

पहिले दोन दिवस भिंत खरवडण्यात गेले. जुन्या रंगाचे पापुद्रे निघत होते. पांढरा, मग पिवळा, मग गुलाबी, आणि सगळ्यांच्या खाली एक हिरवा पट्टा निघाला! आजी उठून जवळ आली आणि तिने त्याच्यावर हात फिरवला. तो पट्टा तिच्या लग्नाच्या वेळचा होता. १९८१ साली आबांनी आणि त्यांच्या भावाने मिळून मारलेला. आबा म्हणाले, “तवा आमच्याकडं टेप न्हवती. चार फुटाची काठी कापली आन् जमिनीवर उभी करून खुणा करत गेलो. सगळीकडं बरोबर चार फूट.”

काकांनी गंमत म्हणून मोजपट्टी लावली. दारापाशी ४८ इंच भरले. म्हणजे बरोबर चार फूट. मोरीच्या कोपऱ्यात ५० इंच भरले.

काका म्हणाले, “अण्णा, तुमची काठी वाकडी होती.” (काका आबांना अण्णा म्हणतात.) आबांना ते लागले. ते म्हणाले, “साच्यावर पट्ट्याचं कापड इनलंय मी. यक दोरा चुकला तर ताका बाजूला काडायचे. माजा पट्टा वाकडा न्हाई.” हे खरे आहे. आबांनी मला सांगितले आहे की पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्याच्या कापडात उभे पट्टे ताण्याच्या रंगीत दोऱ्यांचे असतात. ते दोरे आधीच मोजून लावतात. आडवे पट्टे बाण्याचे असतात, त्यासाठी वेगळ्या रंगाचा धोटा घालतात.

मग आबांनी खालून एका गवंड्याकडून पाण्याची नळी आणली. ही नळी प्लॅस्टिकची असते आणि तिच्यातून आरपार दिसते. ती पाण्याने भरायची. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर ती खोटे सांगते. एक टोक एकाने धरायचे, दुसरे टोक दुसऱ्याने. नळी मधे कशीही लोंबू दे, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबते. बाईंनी आपल्याला वर्गात चहाच्या किटलीत दाखवले होते तसेच. मी दारापाशी टोक धरले आणि आबांनी मोरीपाशी. माझ्याकडे पाणी हिरव्या पट्ट्याच्या वरच्या कडेला आले. आबांकडेपण वरच्या कडेलाच आले.

म्हणजे पट्टा सरळ होता आणि जमीन खाली गेली होती. दोन इंच.

सगळे गप्प झाले. काकू म्हणाली, “म्हणूनच तांदळाचा डबा त्या बाजूला घसरतो.” कोणी हसले नाही. रात्री मला झोप आली असे समजून मोठी माणसे हळू आवाजात बोलत होती. मी ऐकत होते. मोरीचे पाणी आत मुरते, त्याने तुळई कुजते, असे आबा सांगत होते. माझे अंथरूण मोरीच्या बाजूला होते. मी ते हळूच दाराकडे ओढले.

सकाळी भांडण झाले. काका म्हणाले, नवा पट्टा जमिनीपासून मोजून मारू. पाण्याने मारला तर जमीन कललेली आहे हे पाहुण्यांना लगेच दिसेल. आबा म्हणाले, जमिनीपासून मारला तर तो पट्टाच कललेला होईल, आणि कपाटाच्या शेजारी तर फारच वाईट दिसेल. दोघेही खरे बोलत होते, त्यामुळे भांडण मिटेना. शेवटी आजी म्हणाली, “भाऊजी, पाण्यानं मारा. किती खचलंय ते मला दिसायला पाहिजे. नवीन पट्ट्यापासून खाली मोजत राहू. अंतर वाढलं तर कळंल.” काका मग काही बोलले नाहीत.

भिंतीला मलई रंगाचे दोन हात झाले. ते वाळल्यावर पट्ट्याचे काम सुरू झाले. ते असे करतात. नळीने कोपऱ्यांत खुणा करायच्या. दोरीला कपड्याची नीळ चोळायची. ती दोन खुणांवर ताणून धरायची आणि मधे चिमटीत धरून सरळ आपल्याकडे ओढून सोडायची. फट्कन आवाज होतो आणि भिंतीवर रेघ उमटते. दोरी तिरकी ओढली तर रेघ फिसकटते. एक टोक माझ्या अंगठ्याखाली होते. अंगठा दुखत होता तरी मी सोडला नाही.

मग रेघेवर कागदी टेप लावायची. ताई टेप आधी आपल्या ओढणीला चिकटवून काढायची आणि मग भिंतीला लावायची. तसे केले म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो आणि काढताना खालचा रंग सोबत येत नाही. टेपेच्या कडेवरून आधी मलई रंगाचाच हात द्यायचा. हे मला पटेना. निळा पट्टा पाहिजे तर मलई कशाला? ताईने सांगितले की टेपेखाली जी बारीक फट राहते ती मलई रंगाने बुजते, मग निळा रंग आत पाझरत नाही. तो वाळला की वर निळ्याचे दोन हात. टेप काढायची ती रंग थोडा ओला असतानाच, हळू आणि तिरकी ओढून. पूर्ण वाळू दिला तर कडा फाटते. टेप निघताना खाली सुरीने कापल्यासारखी कडा दिसली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

मधेच एक गंमत झाली. काकूने लालबागच्या मसाला बाजारातून मिरच्या आणल्या होत्या आणि गॅलरीत तिखट चाळत होती. वाऱ्याने ते आत आले. आम्ही सगळे शिंकत सुटलो, आणि ओल्या निळ्या पट्ट्यावर लाल ठिपके बसले. नीट पाहिले तर ते अजून दिसतात.

पाहुणे आले. पोहे खाल्ले, चहा प्याले. पट्ट्याकडे कोणी बघितलेसुद्धा नाही. मला राग आला. ताईला बरे वाटले, कारण तिला तो मुलगा पसंत नव्हता.

आम्ही गावी आल्यावर ताई दर रविवारी पट्ट्यापासून खाली माप घेऊन फोनवर सांगू लागली. आबा ते कॅलेंडरवर लिहितात. नवा पट्टा जुन्याच्याच जागी आहे, म्हणून दारापाशी ४८ आणि मोरीपाशी ५०. जून, जुलै तसेच गेले. गणपतीनंतर एका रविवारी ताई म्हणाली, “पन्नास आणि एक सूत.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार लोक असे मोजतात. आबांनी फोन हातात घेतला आणि परत मोजायला लावले. परत तेच आले.

काकांनी खालच्या मजल्यावरच्या लोकांना घेऊन त्यांच्या घरातल्या छताची एक फळी काढली. तुळईच्या टोकात पेचकस घातला तर तो बोटभर आत गेला. लाकूड भिजून मऊ झाले होते. आता तिथे लोखंडी टेकू लावला आहे आणि मोरीची गळती बंद केली आहे. नवी तुळई घालायची आहे, त्यासाठी चाळीतून वर्गणी गोळा करत आहेत. आजीचा पलंग दाराकडच्या भिंतीला आणला आहे. तिथून तिला सगळा पट्टा दिसतो.

गेल्या रविवारी माप पन्नास आणि एक सूतच होते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी