काढण्याआधी थोडा आवळावा

"आम्ही दुखानला असतो," असे पुण्याच्या नातेवाइकांना फोनवर सांगितले की हमखास प्रश्न येतो, "काय दुखतंय?" मग सांगावे लागते की दुखान हे कतारच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गाव. अरबीत दुखान म्हणजे धूर. १९४०च्या सुमारास कतारचे पहिले तेल लागले ते इथेच. पण मंडळी, गेल्या हिवाळ्यात आमचे खरोखरच दुखत होते. उजवे मनगट, आणि त्याहून जास्त आमचा इंजिनिअरकीचा अभिमान! कारण काय, तर एक स्क्रू.

त्याचे असे झाले. दोह्याहून दुखानला येताना वाटेत शेख फैसल यांचे संग्रहालय लागते. तिथल्या जुन्या मोटारींच्या रांगा बघून बघून आम्हालाही हौस आली. ओळखीच्या एका कतारी गृहस्थांच्या शेतावर १९६०च्या दशकातली लँड रोव्हर कित्येक वर्षे धूळ खात उभी होती. "चालू करशील तर तुझी," ते म्हणाले. गाडी दारात आली तेव्हा सौ.ने एवढेच विचारले, "हिला ठेवणार कुठं, आणि तुम्हाला कुठं?"

लँड रोव्हर १९४८ साली बाजारात आली, तेव्हा युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. म्हणून तिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. खालची चौकट आणि स्क्रू मात्र पोलादाचे. दोन वेगळे धातू चिकटून बसले आणि मध्ये खारट ओल शिरली की तिथे छोटी बॅटरीच तयार होते. अ‍ॅल्युमिनियम झिजते, त्याची पांढरी पूड होते. लोखंडाचा गंज तर मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांत ठासून बसतो. दुखानला तिन्ही बाजूंनी उष्मा आणि चौथ्या बाजूने समुद्र, म्हणजे बघायलाच नको! हे सगळे आम्हाला पाठ होते. परदेशात मास्टर्स करताना गंजावर अख्खा पेपर दिला होता. पण स्क्रूने तो वाचलेला नव्हता.

तळाचे पत्रे काढायला घेतले आणि पहिल्याच दिवशी तीन स्क्रूंच्या खाचा आम्ही साफ गुळगुळीत करून टाकल्या. चौथ्याला भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घातला. तो आतच मोडला. एक्स्ट्रॅक्टरचे पोलाद इतके कडक की त्यावर साधे ड्रिल चालत नाही. आता स्क्रूही आत आणि एक्स्ट्रॅक्टरही आत!

हे सगळे आमचे वडील खुर्चीत बसून, चहा पीत बघत होते. बाबा तेव्हा दोन महिन्यांसाठी आले होते. त्यांचे सारे आयुष्य एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेले. तरीही ते गप्प होते, आणि त्याचे कारण आम्हाला ठाऊक होते. वीस वर्षांपूर्वी डिग्री घेऊन घरी परतलो, तेव्हा बाबा आमच्या स्कूटरचा एक अडकलेला नट रॉकेल टाकून, ठोकून काढत होते. चार पाहुण्यांसमोर आम्ही म्हणालो, "बाबा, ही ठोकाठोक आता जुनी झाली." त्यांनी पाना खाली ठेवला. त्यानंतर यंत्राबद्दल ते आमच्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी आम्ही वैतागून गॅसचा टॉर्च पेटवला. तोच बाबा खुर्चीतून ताडकन उठले.

"अरे थांब! टाकी कुठं आहे?"

टाकी सीटच्या खालीच होती. आमच्या हातापासून दोन फुटांवर.

"रिकामी आहे हो बाबा."

"रिकामी जास्त वाईट. आत वाफ असते."

आम्ही टॉर्च बंद केला. हात थरथरत होते. धाकटी दारात उभी राहून बघत होती, तिच्याकडे बघवेना. थोड्या वेळाने आम्ही म्हणालो, "बाबा, त्या वेळी स्कूटरपाशी बोललो ते चुकलंच माझं." बाबा गाडीकडेच बघत होते. म्हणाले, "टाकी काढ आधी. मग बघू."

टाकी निघाली आणि आमची शिकवणी सुरू झाली. आधी खाचेतली माती सुईने टोकरून काढायची. पेचकस खाचेत तंतोतंत बसला पाहिजे, हलता कामा नये. मग स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचा एक सरळ, नेमका ठोका. त्याने गंज तडकतो. मग तेल, आणि एक दिवस विश्रांती. "तेलाला वाट सापडू दे, घाई तुला आहे, त्याला नाही."

त्या विश्रांतीच्या दिवशी आम्ही सगळे जवळच झिक्रीतच्या वाळवंटात गेलो. तिथे रिचर्ड सेरा या शिल्पकाराने २०१४ साली पोलादाच्या चार प्रचंड पट्ट्या उभ्या केल्या आहेत, दोन १४.७ मीटर आणि दोन १६.७ मीटर उंच. मुद्दाम गंजणारे पोलाद! वरचा गंजच आतल्या धातूला सांभाळतो. बाबांनी हात लावून पाहिले आणि म्हणाले, "याला एकही स्क्रू नाही. शहाणा माणूस."

दुसऱ्या दिवशी पेचकस हातात घेऊन आम्ही डावीकडे जोर लावणार, तोच बाबा म्हणाले, "उलटा नको. आधी थोडा आवळ."

"आवळू? काढायचाय ना?"

"केसभर आवळ. गंजाची पकड सुटली की मग सोड. पाव फेरा बाहेर, परत थोडा आत. आट्यातली घाण बाहेर पडू दे."

आवळला. 'टक्' असा बारीक आवाज झाला. मग तो स्क्रू असा निघाला, जणू कालच बसवला होता! जे हट्टी होते, त्यांना मोकळ्या हवेत, टाकी दूर ठेवून जपून शेक दिला. जपून अशासाठी, की अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन सूचना देत नाही, ६६० अंशांच्या आसपास एकदम वितळते. मात्र तापल्यावर ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून पकड सैल होते. गरम स्क्रूला बाबांनी मेणबत्ती टेकवली आणि मेण आट्यांत ओढले गेले. मोडलेल्या एक्स्ट्रॅक्टरचे काय? "वरून जमत नाही तर खालून जा," म्हणत त्यांनी गाडीखाली पडून छिन्नीने नटच कापला. वय वर्षे शाहत्तर!

पत्रे परत बसवताना बाबांनी प्रत्येक स्क्रूला ग्रीस लावायला लावले. आम्ही म्हणालो, "आता कशाला? नवीनच तर आहेत."

"आज नवीन आहेत. पुढं कुणाला तरी उघडावे लागतील ना?"

गाडी अजून पूर्ण झालेली नाही. बाबा पुण्याला परत गेले. पण आता दर शुक्रवारी त्यांचाच फोन येतो. आधी नातीची चौकशी, मग सुनेची, आणि मग आवाज जरा चढवून, "काय रे, कुठं अडलंय?"

काही अडलेले नसले, तरी आम्ही एखादा स्क्रू सांगतोच.