ब्रेक दिलाय

भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कंपनीत शिरा, पहिल्या तासाभरात 'ब्रेक' कानावर पडतोच. चहाचा ब्रेक, जेवणाचा ब्रेक. गाडीचा ब्रेक लागत नाही म्हणून उशीर झाला. तीन नंबरचं मशीन ब्रेकडाऊनला आहे. अमक्याचा ब्रेकअप झालाय, नाइटला त्याच्याशी बोलू नका. इंग्रजीत थांबवणाऱ्या ब्रेकचं स्पेलिंग वेगळं, तोडणाऱ्याचं वेगळं. आमच्याकडे फळ्यावर खडूनं दोन्ही सारखेच लिहितात. त्याखेरीज आणखी एक ब्रेक आहे. तो घेत नाहीत, लावत नाहीत. तो टेंपररी कामगाराला 'देतात'.

मला तो पहिल्यांदा दिला तेव्हा मी थँक्यू म्हणालो होतो.

आयटीआय करून औशाहून आलो होतो. लांडेवाडीत पाच जणांत एक खोली, आणि काम प्रेस शॉपला, कॉन्ट्रॅक्टरकडून. सातवा महिना सरत आला तसा सुपरवायझर म्हणाला, "पंधरापासून तुला ब्रेक आहे रे." दिवाळी तोंडावर होती. मला वाटलं, काम बघून सुट्टी दिली. मोठ्या मनाचा माणूस! वल्लभनगरहून एसटी धरली, आईला साडी नेली, गल्लीत सगळ्यांना सांगितलं की कंपनीनं आपण होऊन सुट्टी दिली. वडील तर पारावर जाऊन सांगून आले. परत येऊन गेटवर कार्ड लावलं तर ते चालेना. वॉचमन म्हणाला, "ब्रेक झालाय तुझा. कॉन्ट्रॅक्टरला भेट."

सातच महिने का, हे पुढे खोलीवरच्या एका जुन्या टेंपररीनं समजावलं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की कामगाराची नोकरी सलग धरली जायची, आणि महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तेवढे दिवस अखंड भरलेल्या टेंपररीला कायम करण्याची तरतूद होती. म्हणून सात महिने झाले की उठवायचं. मग दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर, नव्या कार्डावर, बरेचदा त्याच मशीनवर पुन्हा उभं करायचं. वर्षानुवर्षं असं टेंपररी ठेवून कायमपणाचे फायदे नाकारणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं राज्याच्या १९७१ च्या कायद्यात लिहिलेलं होतं. ते वाचलेला माणूस आमच्या लाइनवर एकही नव्हता. मी तर नव्हतोच.

घरी मात्र मी खरं सांगितलं नाही. 'सुट्टी वाढवून मिळाली' असं फोनवर सांगत राहिलो आणि मित्रांच्या डब्यावर जेवत राहिलो.

त्याच रिकाम्या दिवसांत तळवड्याच्या एका शेडबाहेर बोर्ड दिसला, 'प्रेस ब्रेक ऑपरेटर पाहिजे'. मला प्रेस येत होता, ब्रेकही माहीत होता. आत जाऊन लायनिंग, स्प्रिंग, क्लचची चावी असं मी दहा मिनिटं झाडलं. मालकानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मशीन दाखवलं. पत्रा वाकवायचं मशीन! सगळे ज्याला बेंडिंग म्हणतात, त्याचंच हे कॅटलॉगमधलं नाव. नोकरी गेली, पण चहा मिळाला.

खरी चूक पुढची. तोवर मी लाइन लीडर झालो होतो. पायडलच्या पॉवर प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायडल दाबलं की क्लच शाफ्टला पकडतो, रॅम एकदा खाली येऊन वर जातो आणि ब्रेक शाफ्टला वरच धरून ठेवतो. लायनिंग झिजलं किंवा त्याला तेल लागलं की शाफ्ट वर थांबत नाही, घसरतो, आणि रॅम न बोलावता खाली येतो. डबल मारतो म्हणतात. बिहारचा एक पोरगा त्या प्रेसवर होता. सकाळीच म्हणाला, "साहब, ब्रेक नहीं पकड़ रहा." माझ्या डोक्यात त्या दिवशीचं टार्गेट होतं. मी म्हणालो, "ब्रेक के बाद देखते हैं." हा ब्रेक चहाचा, दहाचा. बोलताना मला हसूही आलं होतं, शब्दावर शब्द बसला म्हणून.

पावणेदहाला प्रेसनं डबल मारला. पोरगा चिमट्यानं पार्ट काढत होता, म्हणून बोटं राहिली. चिमट्याची दोन्ही टोकं चपटी होऊन एकमेकांत रुतली होती आणि डायची कडा उडाली होती. ब्रेकडाऊन स्लिपवर मी वेळ ९.४५ लिहिली आणि कारणापुढे 'अचानक'. सकाळची तक्रार कागदावर आलीच नाही. पोरगाही काही बोलला नाही. त्याचा सहावा महिना चालू होता.

सुपरवायझर झाल्यावर ब्रेक द्यायच्या पोरांची यादी माझ्याकडे आली. नाव, कार्ड नंबर, तारीख. २०१९ ला गाड्यांचा खप पडला, कंपन्यांत ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस उत्पादनच बंद, सुरू झाले, आणि महिन्याला दोन-चार नावांची यादी पानभर झाली. यातल्या बहुतेकांना परत घेणार नाहीत हे मला ठाऊक होतं. तरी प्रत्येकाला म्हणालो, "ब्रेक आहे रे, महिन्याभरात बोलावतो." समोरच्याचा चेहरा उतरत नाही, आपलीही सुटका होते, फार सोयीचा शब्द. एकानं माझ्या भरवशावर मोशीतलं टेम्पोवरचं काम नाकारलं. तो दर आठवड्याला फोन करायचा. पहिले काही मी उचलले, पुढचे उचलले नाहीत. पुढच्या वर्षी मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा तो गावी गेल्याचं दुसऱ्याकडून कळलं.

हल्ली मी पोरांना सरळ सांगतो, "इथलं काम संपलं, दुसरीकडे बघ." त्यावरून एचआरनं मला एकदा बोलावून घेतलं. इतकं उघड बोलू नका, पोरं उठून लेबर ऑफिसला जातात, म्हणाले. मी मान डोलावली. पोरांना अजून तसंच सांगतो, पण यादीतल्या शेवटच्या रकान्याचं नाव 'ब्रेक डेट' आहे, आणि दर महिन्याला तो मीच भरतो.